खरेदीखत झाले, पण नाव लागले का?



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे, खत, पाणी यांविषयी लिहावे. दस्तऐवजातले त्याला काय कळते, असे काही जण म्हणतील. म्हणणे रास्त आहे. आमची पदविका शेतकीची, वकिलीची नव्हे. पण दरवर्षी ऊस नोंदीच्या वेळी आमच्या टेबलावर सातबाऱ्यांचा ढीग लागतो. शेत कसतो एक, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे आणि बिल मागायला येतो तिसरा, हा प्रकार आम्ही जामनेर गटात वर्षानुवर्षे पाहात आलो आहोत. अशा शेतातल्या उसाचे पुढे काय होते, तेही आमच्याच डोळ्यांसमोर घडते. म्हणून हे चार शब्द.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. जमिनीचा कागद करणे हे अर्धे काम आहे. तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदला जाऊन, फेरफार मंजूर होऊन, स्वतःच्या नावाचा सातबारा हाती पडला म्हणजेच काम पुरे झाले. आपले बरेचसे सभासद अर्ध्या वाटेवरून घरी परततात. काही तर वाट धरीतच नाहीत.

कागद तीन प्रकारचा

कोणाही सभासदाला विचारा, "अण्णा, ही दोन एकर घेतली त्याचा कागद झाला का?" उत्तर तयार असते, "झाला ना भाऊ, कधीचाच झाला." हा कागद कोणता, ते पाहायला गेले की तीन प्रकार निघतात.

पहिला प्रकार म्हणजे सौदा पावती किंवा इसार पावती. स्टँपवर मजकूर लिहिला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, फार तर नोटरीचा शिक्का मारला. दुसरा प्रकार साठेखताचा किंवा मुखत्यारपत्राचा. तिसरा प्रकार खऱ्याखुऱ्या खरेदीखताचा, म्हणजे पुरेसे मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकासमोर नोंदलेल्या दस्ताचा.

यांपैकी मालकी फक्त तिसऱ्याने मिळते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम १७ अशा दस्ताची नोंदणी सक्तीची करते, आणि कलम ४९ म्हणते की सक्ती असूनही जो दस्त नोंदला नाही, त्याने मिळकतीवर हक्क उत्पन्न होत नाही. शंभर रुपयांत आज युरियाची गोणीही येत नाही. तेव्हा आपली कोणतीही जमीन या कलमातून सुटत नाही, हे उघड आहे.

मुखत्यारपत्रावर घेतलेल्या जमिनीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सुरज लॅम्प प्रकरणात स्वच्छ सांगितले की मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची मोट बांधली तरी ती विक्री होत नाही. नोटरीच्या शिक्क्याचेही तसेच आहे. सही कोणी केली एवढेच तो शिक्का सांगतो. जमीन कोणाची झाली, हे तो सांगत नाही.

साठेखतावर भरवसा ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विकणाऱ्याने पुढे खरेदीखत करून द्यायला नकार दिला, तर कोर्टात जाण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. दस्तात ठरविलेल्या तारखेपासून ही तीन वर्षे मोजतात, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून. "घरचाच माणूस आहे, देईल केव्हाही" म्हणत दहा वर्षे थांबणारा पुष्कळदा आपल्या हाताने ती मुदत घालवून बसतो.

नोंदणीनंतरचा दरवाजा

समजा, खरेदीखत रीतसर नोंदले. अंगठे झाले, फोटो निघाले, मूळ दस्त आणि सूची क्रमांक दोनची प्रत पिशवीत पडली. चहा झाला, पेढे झाले. इथे आपला सभासद म्हणतो, "झालं, आता राह्यलं काय?"

राहिले ते असे. दुय्यम निबंधकाचे कार्यालय आणि तलाठ्याचे दप्तर ही दोन वेगळी खाती आहेत. निबंधकाकडे दस्त नोंदला जातो, सातबारा मात्र महसूल खात्याकडे राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे नोंदलेल्या दस्ताची वर्दी निबंधकाच्या कार्यालयातून महसूल खात्याकडे जाते. अलीकडे ई-फेरफार पद्धतीत ती संगणकावरून जाते, ही फार चांगली सोय झाली. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते गाव नमुना सहामध्ये नोंद धरतात आणि हितसंबंधितांना नोटीस काढतात. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होऊन निकाल लागतो. निकाल विरुद्ध गेला तर साठ दिवसांच्या आत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

म्हणजे पेढे वाटले त्या दिवशी निम्मा रस्ता बाकी होता. संगणक वर्दी पाठवतो, पण नोटीस कोणाला पोचली नाही, कोणाचा पत्ता चुकला, गट नंबरात खाडाखोड निघाली, क्षेत्राचा मेळ बसला नाही, तर नोंद अडते किंवा नामंजूर होते. ती नामंजूर झाली हे सांगायला घरी कोणी येत नाही. आपणच जाऊन विचारावे लागते.

एका खोडव्याची गोष्ट

हे नुसते पुस्तकी बोलणे वाटू नये म्हणून आमच्या गटातली एक हकीगत सांगतो. नाव-गाव सांगण्याची गरज नाही.

एका सभासदाने २०११ च्या सुमारास भाऊबंदातल्या माणसाकडून विहिरीलगतची जमीन घेतली. पूर्ण रक्कम दिली, खरेदीखत नोंदले, ताबा घेतला. फेरफाराची नोंदही धरली गेली होती. पण एका सहधारकाला नोटीस बजावली गेली नव्हती, म्हणून ती नामंजूर झाली. पुढे कोणी विचारले नाही. विकणारा भला माणूस. दरवर्षी ऊस नोंदीला संमतीपत्र लिहून देई आणि नोंद घेणाऱ्याच्या सभासद क्रमांकावर होई. सगळे सुरळीत चालले होते.

पुढे विकणारा वारला. वारस नोंदीने मुलांची नावे त्या गटावर लागली, कारण रेकॉर्डला जमीन बापाचीच होती. एका मुलाने त्या सातबाऱ्यावर सोसायटीचे पीककर्ज काढले आणि इतर हक्कात बोजा चढला. पुढच्या हंगामात त्याने कारखान्याकडे लेखी हरकत दिली: या गटातला ऊस आमचा, बिल दुसऱ्याला देऊ नये.

ऊस तोडून गव्हाणीत पडला होता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल द्यावयाचे असते. पण दोघे जण हक्क सांगत असता ते कोणाला द्यावयाचे? वाद मिटेपर्यंत बिल थांबले. घेणाऱ्याजवळ नोंदलेले खरेदीखत होते, म्हणून शेवटी जमीन त्याचीच ठरली आणि नावही लागले. पण त्यात एक अख्खा हंगाम गेला. त्या वर्षी सातबाऱ्यावर नाव नसल्याने त्याला पीककर्ज मिळाले नाही, बिलही हातात नव्हते. खोडव्याच्या बगला फोडल्या गेल्या नाहीत, खताचा हप्ता वेळेवर पडला नाही. चांगला फुटवा असलेला खोडवा आमच्या डोळ्यांदेखत पिवळा पडला. कीड नव्हती, रोग नव्हता, विहिरीला पाणी होते. खोडवा गेला तो फेरफारापायी.

दोन चुलत घरांतला बोलाचालीचा संबंध तुटला तो अजून जुळलेला नाही. ते नुकसान कोणत्या उताऱ्यात दाखवायचे?

"आमचा एकमेकांवर विश्वास आहे"

कागद पुरा करा म्हटले की पहिली हरकत विश्वासाची निघते. "नाना, सख्ख्या भावाकडून घेतली. त्याला स्टँप दाखवू का?"

आमचे उत्तर असे की विश्वास दोन माणसांत असतो आणि जमीन दोन पिढ्यांना पुरते. ज्याने शब्द दिला तो शब्द पाळतोही. पण तो गेल्यावर त्याच्या मुलांनी, सुनांनी, जावयांनी तो शब्द कोठे ऐकलेला असतो? त्यांच्यासमोर फक्त सातबारा असतो, आणि त्यावर त्यांच्या वडिलांचे नाव असते. महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते की हक्कनोंदीतली नोंद, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, खरी धरायची. मग त्या मुलांनी ती खरी धरली तर त्यांना लबाड कसे म्हणावे? त्यांना लबाड व्हायची पाळी येऊ नये, म्हणून थोरांनी हयातीत कागद पुरा करून ठेवायचा असतो. नाते टिकवायचे असेल तर कागद पक्का हवा. नाते आहे म्हणून कागद नको, हा हिशेब उलटा आहे.

आपल्या खान्देशात रेकॉर्डची भीती जुनी आहे. १८५२ साली इंग्रज सरकारची मोजणीची साखळी आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत मोठा दंगा उसळला होता. मोजणी म्हणजे सारावाढ, हे लोकांच्या मनात पक्के बसलेले होते. पुढे १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला आणि त्यातूनच आजचा फेरफार व सातबारा वाढला. तेव्हा ते दप्तर सरकारच्या वसुलीसाठी होते हे खरे. आज तेच आपल्या हक्काचे दप्तर आहे. पीककर्ज, ठिबकचे अनुदान, पीकविमा, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, कारखान्याची ऊस नोंद, सगळे त्या उताऱ्याला बांधलेले आहे. आजोबांची भीती नातवाने बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

रस्त्याचेही तेच. जळगावहून नेरी, पहूर, वाकोदवरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता असो, की पाचोरा-जामनेर रेल्वेचे रुंदीकरण असो, असे काम निघाले की भूसंपादनाची नोटीस रेकॉर्डवरच्या नावानेच निघते. जमीन कोण कसतो, हे नोटिशीला ठाऊक नसते.

"खर्च कोण करणार?"

दुसरी हरकत खर्चाची. ही खरी आहे, ती आम्ही उडवून लावणार नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दस्त लिहिणाराची मजुरी, येणे-जाणे, सगळे मिळून रक्कम मोठी होते. ऊसबिल हप्त्याने मिळणाऱ्या माणसाला ती जड जाते.

पण न भरल्याने ती वाचते का, ते पाहू. शुल्क कमी भरलेला दस्त पुढे कोर्टात किंवा कार्यालयात दाखवायची वेळ आली तर फरकाची रक्कम आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरावा लागतो. किंमत कमी लिहूनही लाभ नाही, कारण शुल्क शासनाच्या बाजारमूल्य तक्त्याप्रमाणे किंवा लिहिलेल्या किमतीप्रमाणे, जे जास्त असेल त्यावर घेतात. उलट सौदा मोडला तर कागदावर लिहिली तेवढीच रक्कम मागता येते, वरची रोख बुडाली. शिवाय जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई केली. इसार बँकेतून द्यावा, तो साक्षीदारासारखा कामी येतो.

घरातल्या घरात व्यवहार असेल तर खर्च पुष्कळ कमी असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला आणि मुलाबाळांना किंवा पत्नीला दिलेल्या शेतीच्या बक्षीसपत्राला मुद्रांक नाममात्र आहे. वाटणी सहमतीने असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडेही अर्ज करता येतो. एकमेकांच्या गटात उलटसुलट ताबा असेल आणि तो बारा वर्षांहून जुना असेल, तर अदलाबदलीसाठी शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना काढली. तीत मुद्रांक एक हजार आणि नोंदणी फी एक हजार ठेवली. योजनेला मुदत असते, म्हणून तिची आजची स्थिती तलाठी कार्यालयात विचारून घ्यावी.

बहिणी आणि घरधनीण

सातबाऱ्यात "ए. कु. मॅ." अशी अक्षरे दिसली की खरेदी करणाऱ्याने थांबावे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचे नाव लागलेले असते आणि मागे भाऊ-बहिणींचे हक्क उभे असतात. एकट्या मॅनेजरची सही घेऊन मोकळे होणारा पुढे दाव्यात सापडतो.

मुलींचा हक्क हा आता चर्चेचा विषय राहिलेला नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वाटेकरी झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितले की त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याचीही अट नाही. याच कायद्यात नोंदणीचे महत्त्व दिसते. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना त्यात धक्का लावलेला नाही, परंतु ती वाटणी नोंदलेल्या दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली असली पाहिजे. तोंडी वाटणी झाली होती असे नुसते म्हणणे सहसा चालत नाही. ज्या घरांनी त्या काळी थोडा खर्च करून वाटणीपत्र नोंदले, ती घरे आज निवांत आहेत. ज्यांनी "कशाला लागतो कागद" म्हटले, ती वकिलाच्या ओट्यावर बसली आहेत.

बहिणीने खुशीने हक्क सोडला तर हक्कसोडपत्र नोंदले पाहिजे. राखी पौर्णिमेला आली असता साध्या कागदावर सही घेणे, हे कायद्यातही बसत नाही आणि रीतीतही बसत नाही. आणि खुशी नसेल तर मागूही नये, असे आमचे मत आहे.

घरधनिणीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी शासनाने १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याने अर्ज करायचा आणि पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागायचे, एवढे ते सोपे. आमच्या गटात उसाची लागण करणाऱ्या, बेणे सोलणाऱ्या, रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या कितीतरी बाया आहेत. सातबाऱ्यावर त्यांचे नाव शोधावे तर बहुधा नवरा वारल्यावरच सापडते. हे आपल्या सहकाराला शोभत नाही.

सरकारकडूनही काही हवे

दोष एकट्या शेतकऱ्याचा आहे, असे आम्ही म्हणत नाही. दस्त नोंदणारा अधिकारी विकणाऱ्याची मालकी तपासत नाही, तो दस्त नोंदतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी अशी पद्धत सुरू केली की सरकारी पुस्तकात नाव लागले म्हणजेच मालकी, आणि तिची हमी सरकारची. आपल्याकडे तशी हमी नाही. दस्ताने मालकी येते पण नाव लागत नाही. फेरफाराने नाव लागते पण केवळ त्याने मालकी येत नाही, असे न्यायालये वारंवार सांगतात. म्हणून सामान्य शेतकऱ्याला दोन्ही दारे ठोठवावी लागतात. एकाच खिडकीवर दस्त, फेरफार आणि मोजणीचा नकाशा मिळेल असा दिवस यावा, ही मागणी रास्त आहे आणि ती केलीच पाहिजे. निदान नोंद नामंजूर झाली तर खातेदाराला लेखी कळविलेच पाहिजे, एवढे तरी आज व्हावे. पण ती मागणी पुरी होईपर्यंत आपला कागद अर्धा ठेवून बसणे शहाणपणाचे नाही.

सभासदांनी काय करावे

१. जमीन घेण्यापूर्वी चालू सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून वाचावेत. इतर हक्काचा रकाना आधी पाहावा. बोजा, कूळ, वर्ग दोनची अट, सगळे तेथे दिसते. वर्ग दोनची, कुळकायद्याची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगीवाचून पुढे जाऊ नये. निबंधकाकडच्या सूचीचा शोधही घ्यावा.

२. तुकडा घेताना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आठवावा. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे अशी किमान मर्यादा ठरली. या कायद्यात बदल होत असतात, म्हणून इसार देण्याआधी कार्यालयात विचारावे.

३. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी दाखल करावा. उशीर झाला तर आणखी चार महिने मिळू शकतात, पण फीच्या दहापटीपर्यंत दंड पडू शकतो. त्यानंतर दार बंद.

४. देणारा म्हातारा किंवा अंथरुणाला खिळलेला असेल तर "ते उठून बसले की करू" म्हणू नये. सबळ कारण असल्यास निबंधक घरी येऊन दस्त नोंदू शकतात. अशी तरतूद कायद्यात आहे.

५. नोंदणीनंतर महिन्याभराने फेरफार क्रमांक आणि त्याची स्थिती पाहावी. प्रमाणित झाला की नवा सातबारा काढून नाव, क्षेत्र, गट नंबर अक्षर न् अक्षर तपासावे. लेखनाची चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज लगेच द्यावा.

६. घरातील कर्ता वारला तर तीन महिन्यांत वारसाची वर्दी द्यावी. कारखान्याच्या भागाचे वारसही त्याच वेळी लावून घ्यावेत.

आणि कारखान्याने

कारखान्याने ऊस गाळावा, सभासदांच्या घरातले कागद उकलू नयेत, असे काही संचालक आणि सभासद म्हणतील. आम्हांस ते पटत नाही. ज्या कागदामुळे बिल थांबते, खोडवा जातो आणि नोंदीचे क्षेत्र घटते, तो कागद कारखान्याचाही आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, संमतीपत्रावरची ऊस नोंद एका हंगामापुरतीच चालावी. पुढच्या हंगामी त्याच गटासाठी पुन्हा संमतीपत्र आले तर चिटबॉयने नुसती सही न घेता गट कार्यालयाला कळवावे, आणि तेथे त्या सभासदाला बसवून अडचण काय ते विचारावे. ऊस नाकारण्यासाठी हे नव्हे. वर सांगितलेल्या सभासदाला कोणी दुसऱ्याच वर्षी असे विचारले असते, तर विकणारा हयात होता आणि काम एका अर्जात झाले असते. दुसरी, गळीत हंगाम सुरू होण्याआधी गटवार एक दिवस ठेवून निवृत्त तलाठी व जाणकार वकिलांना बसवावे आणि सभासदांचे उतारे तपासून द्यावेत. माती परीक्षणाचा दिवस ठेवतो, तसाच हा. तिसरी, घरात वाटणीपत्र किंवा खरेदीखत नोंदण्यासाठी ज्याला पैशाची अडचण आहे, त्याला बिलातून परत घेण्याच्या बोलीने उचल देता येईल का, याचा विचार संचालक मंडळाने करावा आणि वार्षिक सभेत तो मांडावा.

आडसालीची लागण करताना आपण बेणे निवडतो, बेणेप्रक्रिया करतो, सरीचे अंतर मोजतो. दीड वर्षाच्या पिकासाठी एवढी काळजी. मग जे पीक नातवंडांनी काढायचे, त्या जमिनीच्या कागदासाठी दोन हेलपाटे जास्त का वाटावेत?

या महिन्यात प्रत्येक सभासदाने आपला सातबारा काढून दिव्याच्या उजेडात नीट वाचावा. जे नाव तेथे असायला हवे ते नसेल, तर ज्याच्या सहीने ते लागणार आहे तो माणूस आज हयात आहे. उद्या सकाळीच त्याच्या घरी जावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी, जामनेर गट